कल

सोमवार, बुधवार, शुक्रवार. यंग्जटाउन, ओहायो.
पहाटे पावणेसहाला मी डायलिसिसची मशिनं धुऊन सज्ज ठेवतो
आणि भिंतीवरचा टीव्ही लावतो, आवाज बंद करून,
कारण आवाजावर इथे कधी एकमत झालेलं नाही.
खाली अक्षरं धावतात,
ओठांच्या चार शब्द मागे.

पडद्यावर ग्रँट टेल्फर, राखाडी सूट,
भांगाला आजवर एकही चूक माहीत नाही.

चार नंबरच्या खुर्चीत डेल्बर्ट कोवाल्चिक,
एकतीस वर्षं पोलादाच्या भट्टीपुढे.
सहामध्ये अर्नेस्टीन प्रुइट, शाळेची बस चालवायची.
त्याची सुई डाव्या हातात, तिची उजव्या,
आणि मतं नेमकी उलट.
हा विनोद दोघांनीही मला
स्वतःचा म्हणून सांगून झालाय.

"टाय बघ," डेल्बर्ट म्हणतो. "निळा. त्यांचाच माणूस."
"सोमवारी लाल होता."
"सोमवारी झाकायचं होतं त्याला."
"अरे, टाय बायको काढून ठेवत असेल."
"मग बायको त्यांची."

अर्नेस्टीनच्या मांडीवर वही आहे, चौकटीची.
गव्हर्नरला सात वेळा मध्येच तोडलं,
त्या दुसऱ्याला तीनदा.
"तो दुसरा बोलतच होता रखडत," डेल्बर्ट म्हणतो,
"त्यात तोडायचं काय?"
मग भुवई. डावी भुवई नेमकी कुठल्या नावाला उचलली,
यावर पाऊण तास.
"तळ्यात म्हणावं तर मळ्यात असतो हा बाबा," ती म्हणते.
"लूथर, तू सांग. तू तर रोज बघतोस."
मी म्हणतो, माझं काम वजन बघायचं,
येतानाचं आणि जातानाचं.
"हा एक दुसरा टेल्फर," दोघं एकदमच म्हणतात.
त्यांचं एकमत झालेलं मी ऐकलं ते एवढंच.

कुणाला वाटेल, हे एकमेकांना पाण्यात पाहतात.
पण यांना पाणीच मुळात मोजून मिळतं,
दिवसाला चार कप.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी, तिसऱ्या तासाला,
डेल्बर्ट बोलायचा थांबला.
ऐंशीवर पन्नास. ओठ खडूसारखे.
मी खुर्ची मागे कलती केली, पाय वर, डोकं खाली,
सलाइन सोडलं.
आता त्याला नुसतं छत दिसत होतं.
"काय म्हणतोय तो?" त्याने विचारलं,
आवाज विहिरीतून आल्यासारखा.

टेल्फर हवामान सांगत होता.
ईरी सरोवरावरून बर्फ, संध्याकाळपर्यंत सहा इंच.

अर्नेस्टीनने चष्मा नाकावर सरकवला
आणि अक्षरं वाचावीत तसं सावकाश वाचलं:
"म्हणतोय, पोलादाचे कारखाने बंद पडले ते बरंच झालं."
"काय?"
"म्हणतोय, कामगार आळशीच होते."
"कोण आळशी?"
अठ्ठ्याऐंशी.
"म्हणतोय, युनियनवाले तर नुसते डोनट खायचे."
"त्याला म्हणावं ये इथे, भट्टीपुढे उभा राहा एक पाळी!"
पंच्याण्णव. एकशे चार.
गालांवर रंग, मानेची शीर टरारलेली.
पडद्यावर एक मुलगी घसरगाडी ओढत निघाली होती.

मी मशिनकडे बघत राहिलो.
सलाइननेच झालं असणार. तक्त्यात मी तसंच लिहिलं.

खुर्ची सरळ केली तेव्हा टेल्फर संपला होता,
पोळ्याच्या आकाराच्या वॅफलची जाहिरात लागली होती.
"शेवटी तोंडाने बोलला," डेल्बर्ट म्हणाला,
"सांगत नव्हतो मी, तो त्यांचाच?"
अर्नेस्टीनने वही उघडली, पेन्सिल ओली केली,
त्याच्या बाजूच्या रकान्यात
एक रेघ ओढली. थोडी वाकडी.
"हं," म्हणाली, "आजचा दिवस तुझा."

सगळे गेल्यावर, फरशी पुसताना,
मी एकदाच आवाज चालू केला.
फेरप्रसारण होतं. टेल्फरला सर्दी झालेली,
प्रत्येक वाक्याच्या शेवटी
तो बेमालूमपणे नाक ओढत होता.
हे अजून मी दोघांनाही सांगितलेलं नाही.